बादली भरते, पण काटा हलत नाही: घरभर डीह्युमिडिफायर बसवूनही ओल का राहते

आषाढाचा पहिला पंधरवडा गेला की माझ्या फोनवर एकच तक्रार सुरू होते. "दादा, मशीन रात्रंदिवस चालू आहे, लाईट बिल वाढलं, पण कपाटातला कुबट वास काय जाईना." ज्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकते, त्या आठवड्यात असे फोन सगळ्यात जास्त येतात. गगनबावड्याकडून झड लागलेली असते, चार-चार दिवस ऊन पडत नाही, चपलांवर पांढरी बुरशी चढते, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. आणि ज्यांनी भरपूर पैसे घालून घरभर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं मशीन, बसवला, त्यांना वाटतं आपण फसलो.

मी कोल्हापुरात एसीची कामं करतो, त्याबरोबर ही मशीनही बसवतो. फॉल्स सीलिंगमध्ये एक यंत्र, त्यातून डक्टने हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये कोरडी हवा, आणि निघालेल्या पाण्याला एक पाईप, एवढाच हा संसार. आतापर्यंत ज्या घरांतून तक्रार आली त्यांतल्या फार थोड्या घरांत मशीन खराब निघालं. बाकी ठिकाणी ते इमानदारीत पाणी काढत होतं आणि घर दुसऱ्या दाराने तेवढंच पाणी आत घेत होतं. म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी घरच्या घरी एक तपासणी करा. निम्मी उत्तरं त्यातच मिळतात.

आधी एका प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो हमखास येतो: एसीचा ड्राय मोड का पुरत नाही? पावसाळ्यात कोल्हापुरात बाहेरच २४-२५ डिग्री असतं. एसी सुरू केला की खोली लगेच गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र ओल्या कॉइलवरून फिरत राहतो आणि कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीत सोडतो. खोली गार आणि ओली. डीह्युमिडिफायर हवा गार कॉइलवरून नेऊन पाणी काढतो आणि तीच हवा पुढे गरम कॉइलवरून सोडतो. म्हणून गारठा न वाढवता तो तासन् तास चालू शकतो.

आता तपासणी. ड्रेन पाईप जिथे संपतो तिथे २० लिटरची बादली ठेवा आणि २४ तासांत किती पाणी जमतं ते लिहून ठेवा. सोबत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घ्या. काट्याचं असो की आकड्यांचं, मशीनच्या जाळीपासून लांब, आतल्या भिंतीवर, साधारण ५ फूट उंचीवर लावा. ही स्वस्त मीटरं पाच-पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात, त्यामुळे आधी त्यांचीच परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात रात्रभर बंद करून ठेवा. सकाळी मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. ८० दाखवलं तर पुढे प्रत्येक वेळी ५ वजा करून वाचा.

घरात ५० ते ६० टक्क्यांच्या मध्ये आर्द्रता ठेवायची आहे. ७० च्या वर ती बरेच दिवस राहिली की बुरशीला आमंत्रण. ४५ च्या खाली नेण्यातही अर्थ नाही. लाकडी दारं आकसतात, पेटी-तबल्याला त्रास होतो आणि वीज फुकट जाते.

बादली आणि काटा एकत्र वाचले की तीन गोष्टी समोर येतात.

बादली रिकामी, काटा वर

हे मशीनचं किंवा पाईपचं दुखणं. मशीन सुरू करून २० मिनिटांनी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत हात धरा. बाहेर येणारी हवा स्पष्ट गरम लागली पाहिजे. दोन्ही सारख्या असतील तर फक्त पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर बंद आहे. हे वीज जाऊन आल्यावर फार होतं. काही मशीनं वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, आणि झडीच्या दिवसांत आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. मशीनमध्ये ऑटो रीस्टार्ट आहे का आणि तो चालू केलाय का, ते बघा.

कॉइलवर बर्फ दिसला तर आधी फिल्टर काढून धुवा. घरात कपडे वाळत घालणाऱ्यांच्या फिल्टरवर कापसासारखा थर बसतो, तो पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढावाच लागतो. फिल्टर स्वच्छ असून २४-२५ डिग्रीलाही बर्फ धरत असेल तर गॅस कमी असू शकतो किंवा पंखा मंद झालेला असू शकतो. तिथे मात्र मेकॅनिक लागेल.

आणि एक. डब्यावर ५० लिटर लिहिलंय आणि बादलीत २२ लिटर आलं म्हणून मशीन बदलून मागू नका. तो ५० चा आकडा बहुतेक वेळा ३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. २६ डिग्री आणि ६० टक्क्यांच्या घरात तेच मशीन साधारण निम्मं पाणी काढतं. घेतानाच हे विचारायला हवं होतं, आणि विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.

दर दोन-तीन दिवसांनी लाल दिवा लागून मशीन बंद पडत असेल तर दोष जवळजवळ नक्की ड्रेन पाईपमध्ये आहे. हा प्रकार मी रंकाळ्याच्या बाजूच्या एका बंगल्यात डोळ्यांनी पाहिला. तिथल्या काकी शाळेतून निवृत्त झालेल्या, घर १,००० चौरस फुटांचं, मशीन पॅसेजवरच्या सीलिंगमध्ये. दुसऱ्याच कोणी बसवलेलं होतं. तीन वेळा कॉइलखालचा पाणी गोळा करणारा ट्रे पुसून झाला होता, पाईप फुंकून झाला होता, तरी तिसऱ्या दिवशी दिवा लाल. मी पाईपचा पहिला हातभर तुकडा कापून तिथे पारदर्शक नळी लावली आणि काकींना शिडीशी बोलावलं. मशीन चालू असताना त्या नळीत पाणी उभं होतं, थरथरत होतं, आणि बाहेर जायचं सोडून मशीनकडे ओढलं जात होतं. मी स्विच बंद केला, पंखा थांबला आणि सगळं पाणी भसकन् न्हाणीत उतरलं. काकी म्हणाल्या, "म्हणजे मशीनच पाणी ओढून धरतंय की ओ!"

अगदी तसंच. डक्टवाल्या मशीनमध्ये पंखा कॉइलच्या पुढे असतो, त्यामुळे ट्रेच्या बाजूला हवेची ओढ असते. ड्रेनमध्ये पाण्याचा अडसर नसेल तर त्या ओढीने पाईपमधून हवा आत शिरते आणि उतरणाऱ्या पाण्याला अडवते. उपाय म्हणजे यू आकाराचा ट्रॅप, मशीनला लागूनच. २५० पास्कलची ओढ १ इंच पाण्याचा स्तंभ पेलते. मी ट्रॅपला ३ इंच खोली देतो म्हणजे चिंता नको. ट्रॅपच्या पुढे एक उघडी उभी नळी, हवेसाठी. पुढे दर फुटाला पाव इंच उतार आणि तीन-तीन फुटांवर क्लॅम्प, नाहीतर पाईपला पोट येतं, त्यात बुळबुळीत थर साचतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच लाल दिवा. त्या घरात एक क्लॅम्प अर्धा इंच वर ठोकलेला होता. पाईपचं टोक न्हाणी ट्रॅपच्या जाळीत घट्ट बसवू नका, वर दोन बोटं सोडा. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता, कारण कोरडा ट्रॅप असून नसल्यासारखाच.

बादली भरते, काटा हलत नाही

खरी डोकेदुखी ही. त्याच काकींचा पुढच्या श्रावणात फोन आला. दिवा लागत नव्हता, पाणी रोज २२ लिटर निघत होतं आणि मीटर ७१ वर ठाण मांडून. त्यांनी कॅलेंडरवर रोजचे आकडे लिहून ठेवले होते. त्या वहीसारख्या कॅलेंडरमुळे माझं निम्मं काम झालं, खरंच सांगतो.

थोडं गणित करू. १,००० चौरस फुटांचं घर, १० फूट उंची, म्हणजे १०,००० घनफूट, सुमारे २८३ घनमीटर हवा. बाहेर २४ डिग्री आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दर घनमीटरमध्ये साधारण १९.६ ग्रॅम वाफ असते. आत २६ डिग्री आणि ५५ टक्के हवे असतील तर १३.४ ग्रॅम. फरक ६.२ ग्रॅम. म्हणजे घरातली हवा एकदा बदलली की पावणेदोन लिटर पाणी काढावं लागतं. तासाला एकदा बदलत राहिली तर दिवसाला ४२ लिटर! नुसत्या हवेतून. त्यात माणसांचा श्वास आणि घाम दरडोई लिटर-सव्वालिटर, आत वाळत घातलेल्या एका मशीनभर कपड्यांचे दोन-तीन लिटर. स्वयंपाकाचा गॅसही पाणी करतो: १ किलो गॅस जळला की सुमारे १.६ लिटर वाफ, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे बावीस-तेवीस लिटर. हे बहुतेकांना पटत नाही, पण हिशोब पक्का आहे.

मग काकींच्या घरात हवा कुठून येत होती? मी उदबत्ती पेटवली, स्वयंपाकघरातली चिमणी सुरू केली आणि एकेक खिडकी फिरलो. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीतून धूर आत वळत होता, पण तो किरकोळ. मुख्य दाराखाली बोटभर फट होती, तीही समजू शकतो. सीलिंगचा पॅनल काढला तेव्हा खरा चोर सापडला. रिटर्न डक्ट, म्हणजे घरातली हवा मशीनकडे परत नेणारा डक्ट, मशीनला जिथे जोडतात तिथला कॅनव्हास एका बाजूने सुटला होता, जेमतेम चार बोटांची फट. टिश्यू पेपरचा तुकडा जवळ नेला तर तो हातातून सुटून फटीला चिकटला. आणि त्या सीलिंगच्या पोकळीत जुन्या एसीच्या पाईपांची दोन भोकं थेट पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर उघडी. मशीन दिवसभर रंकाळ्यावरची हवा वाळवत होतं. कॅनव्हास घट्ट करून कडेने ॲल्युमिनियम टेप मारला, भोकं फोमने बुजवली. चार दिवसांत ६४, आठवड्याने ५८.

ज्यांचं मशीन सीलिंगमध्ये आहे त्यांनी रिटर्नचा सांधा सगळ्यात आधी बघावा. पुढच्या बाजूच्या डक्टमधून गळती झाली तर थोडी कोरडी हवा वाया जाते. मागच्या बाजूला गळती झाली तर बाहेरची ओल विकत आणल्यासारखं होतं.

चिमणीचंही तसंच. तासाला १,००० घनमीटर ओढणारी चिमणी पूर्ण ताकदीने चालली तर १७ मिनिटांत अख्ख्या घराची हवा बाहेर फेकते आणि तेवढीच ओली हवा फटीफटीतून आत येते. चिमणी वापरू नका असं मी म्हणणार नाही, तांबडा रस्सा शिजताना ती लागतेच. पण त्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावा आणि तिथलीच एक खिडकी थोडी उघडा, म्हणजे चिमणी घराच्या बाकीच्या खोल्यांतून हवा ओढणार नाही. फोडणी संपली की बंद करा. अंघोळीनंतर न्हाणीचा एक्झॉस्ट पंधरा मिनिटं पुरतो.

इथे एक गोष्ट फार गंभीरपणे सांगायची आहे. हवा अडवायच्या नादात गॅस गिझर असलेल्या न्हाणीचा झरोका कधीही बुजवू नका. बंद जागेत गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस आत बेशुद्ध पडेपर्यंत बाहेर कोणाला कळत नाही. ती न्हाणी घराच्या कोरड्या भागातून वगळा, दाराला खालून रबर लावा, पण झरोका उघडाच ठेवा. जमलं तर गिझर बाहेर हलवा. ओल परवडली.

बेडरूमची दारं बंद ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. डक्टने खोलीत हवा येते, पण रिटर्नची जाळी पॅसेजमध्ये असते. दार बंद केलं की खोलीत हवा कोंडते, ती खिडकीच्या फटीतून बाहेर जाते आणि तेवढीच ओली हवा हॉलच्या फटींतून घरात शिरते. दाराखाली पाऊण इंच फट ठेवा किंवा दारात जाळी बसवा.

आणि मग खिडक्या. मशीन चालू असलं की घर दोन-तीन डिग्री गरम होतं. हे बिघाडाचं लक्षण नाही. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, लिटरमागे जवळजवळ ०.६८ युनिट, वर मशीनची स्वतःची वीज. २० लिटर पाणी निघालं तर दिवसभर १ किलोवॉटचा हीटर चालू ठेवल्यासारखं होतं. घरातल्यांना उबारा होतो, कोणीतरी "जरा वारं येऊ दे" म्हणून खिडकी उघडतं, काटा वर जातो, मशीन आणखी जोरात चालतं, घर आणखी तापतं. मी अनेक घरांत हे चक्र बघितलंय. छताचा पंखा लावा. ५५ टक्क्यांच्या २७ डिग्रीत पंख्याखाली जे बरं वाटतं ते ९० टक्क्यांच्या २४ डिग्रीत वाटत नाही, दोन दिवस धीर धरून बघा. मोकळी हवा हवीच. ती सकाळी दहा मिनिटं सगळं उघडून घ्या आणि पुन्हा लावा.

काटा खाली, भिंत ओलीच

मीटर ५५ दाखवतंय, कपडे कोरडे, पुस्तकं कोरडी, पण एका भिंतीला पोपडे. या भिंतीचं पाणी हवेतून आलेलं नाही. खात्री करायची तर फूटभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. थेंब फॉइलच्या आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर हवेतून.

भिंतीतून येत असेल तर पश्चिमेकडची झड, तुंबलेली पन्हळ, गच्चीच्या कठड्याची भेग, न्हाणीचा गळका पाईप, किंवा जोत्यातून वर चढणारी ओल यांपैकी काहीतरी असणार. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या दगड-मातीच्या वाड्यांत जोत्याची ओल सर्रास दिसते. तिथे मशीन जास्त वेगाने चालवलं तर उलट नुकसान होतं. पृष्ठभाग लवकर वाळतो, भिंत आतून आणखी पाणी खेचते, त्यासोबत क्षार वर येतात आणि लोणा वाढतो. आधी पाण्याची वाट बंद करा. पुराचं पाणी लागलेल्या भिंतींना तर महिनेच्या महिने लागतात. २०१९ नंतर नागाळा पार्क, शाहूपुरीच्या सखल भागात ज्यांनी घाईने ऑईल पेंट मारला त्यांचा रंग फुगून आला. श्वास घेणारा चुना किंवा साधा रंग लावा आणि थांबा.

कपाट मात्र वेगळी गोष्ट. बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटामागे हवा फिरत नाही, भिंत गार असते, म्हणून हॉलमध्ये ५५ असताना कपाटामागे ७५ असू शकतात. तीन इंच पुढे ओढा. एवढ्यानेच बऱ्याच जणांचा कुबट वास गेला आहे.

मशीन कधी सुरू करावं, हेही विचारतात. घरातल्या गाद्या, पुस्तकं, प्लॅस्टर, लाकूड हे सगळं पाणी पिऊन बसतं आणि सोडताना दहा-पंधरा दिवस घेतं. आर्द्रा नक्षत्रात घर पूर्ण भिजल्यावर मशीन लावलं की तोपर्यंत काटा जागचा हलत नाही, आणि लोक वैतागतात. रोहिणीत, म्हणजे मेच्या शेवटी, वळीव पडू लागले की लगेच सुरू करा आणि ५५ वर ठेवून द्या. मृगाचा पाऊस आला तेव्हा घर कोरडं असेल तर मशीनला पुढचे तीन महिने फक्त राखण करायची असते.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की मशीन फक्त पंख्यावर चार-पाच तास चालवून आतली कॉइल वाळवा, ट्रे ब्रशने धुवा, फिल्टर उन्हात नव्हे तर सावलीत सुकवा. हिवाळ्यात ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि न्हाणीचा वास पाईपमधून डक्टमध्ये चढतो, झुरळंही चढतात. म्हणून पाईपच्या टोकाला टोपण लावा. आणि टोपण लावल्याची चिठ्ठी मशीनच्या स्विचवरच चिकटवा. मे महिन्यात ते काढायचं राहिलं तर पहिल्याच रात्री ट्रे भरेल, आणि ट्रे भरला की मशीन बंद करणारा फ्लोट स्विच अडकलेला असला तर पाणी सीलिंगमधून पॅसेजमध्ये टपकेल.